मोहरी रंगाचं यान

इंग्लंडमधल्या वॉल्सॉल गावच्या क्लिफर्ड ट्रँटरचं उभं आयुष्य घोड्यांची खोगिरं शिवण्यात गेलं. टाका वाकडा गेलेला त्याला खपत नसे. निवृत्त झाल्यावर हा सगळा काटेकोरपणा त्याने परसातल्या शेडमध्ये नेला आणि टीव्हीवरच्या जुन्या अंतराळमालिकांतल्या यानांची छोटी मॉडेलं घरीच ओतून बनवायला सुरुवात केली.

या खेपेचं यान मात्र भेट द्यायला होतं. थोरला भाऊ नॉर्मन वृद्धाश्रमात होता आणि हिवाळ्यापासून त्याला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. क्लिफर्डला तो डॉक्टर समजे. लहानपणी शेजारच्यांच्या कृष्णधवल टीव्हीसमोर दोघांनी पाहिलेलं ते यान हातात दिलं, तर निदान एकदा तरी तो आपल्याला नावाने हाक मारेल, या एकाच आशेवर क्लिफर्ड झटत होता.

लाकूड कोरून नमुना केला, त्यावरून रबरी साचा घेतला, साच्यात रेझिन हा घट्ट होणारा चीक ओतला. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सुटतो, म्हणून निघालेलं यान साबणाच्या पाण्याने तीनदा धुतलं. आता प्रश्न रंगाचा. त्याच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबात एकच धर्म, चित्रीकरणाच्या स्टुडिओत यानाला होता तोच रंग. डेझमंड नावाच्या सभासदाने शोधून काढलं होतं, की कॅमेऱ्यात उठून दिसावं म्हणून ते यान मुळात मोहरी रंगाचं होतं. क्लिफर्डने तोच रंग दिला.

"नॉर्मनने हा पिवळा जन्मात पाहिला होता का?" बायकोने, बेरिलने विचारलं.

खरं ते खरं, असं म्हणून क्लिफर्डने यान पिशवीत घातलं.

नॉर्मनने ते फिरवून फिरवून पाहिलं आणि परत केलं. "छान आहे हो डॉक्टर. पण आमचं हे नव्हे. आमचं निळं."

टीव्हीवर तर सगळं करडंच दिसायचं, क्लिफर्डने समजावलं.

"टीव्हीतलं कोण म्हणतंय? आम्ही पुठ्ठ्याचं केलं होतं. धाकट्याने बाबांचा दाराचा रंग ढापला त्यासाठी."

स्टुडिओतल्या यानाचा खिळा न् खिळा त्याला पाठ होता, आणि हे पुठ्ठ्याचं यान काही केल्या आठवेना. आधी तो चिडला, मग घाबरला. विसरतंय नक्की कोण? घरी आल्यावर तो जेवलाही नाही. बेरिलने रंगाचा विषय काढला नाही, तेवढे उपकार केले.

पुढच्या रविवारी तो निळ्या रंगाच्या चार बाटल्या घेऊन गेला. यानाच्या पोटाला एकेक ठिपका लावून दाखवला. नॉर्मन तीनदा नाही म्हणाला आणि चौथ्यावर त्याने बोट ठेवलं. तिथेच खिडकीपाशी बसून क्लिफर्ड मोहरीवर निळा चढवू लागला. क्लबात कळलं असतं तर जीव घेतला असता त्यांनी.

नॉर्मन ब्रशकडे बघत होता.

"आमचा क्लिफ भेटतो का हो तुम्हाला?"

"भेटतो."

"मग सांगा त्याला. रंग मीच घेतला म्हणून मी बाबांना सांगितलंय. मारही खाऊन झाला. आता लपून बसू नकोस म्हणावं, घरी ये."

सांगतो, असं म्हणून क्लिफर्डने ब्रश पुन्हा निळ्यात बुडवला.