सांगायला गेलेली मुलगी

पडाव खाडीतून आगबोटीकडे निघाला तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उभी होती. ती रडली नाही. ते काम मी एकटीनेच उरकलं. पडाव जरा लांब गेल्यावर तिने ओरडून सांगितलं, "आधी शेजारणीशी बोल गो! चूल मागाहून मांडलीस तरी चालेल!" पडावातली माणसं हसली. हे मात्र तोंड फिरवून समुद्र बघत बसले. सासू भर बंदरात ओरडते, याची नव्या जावयाला लाज वाटली असावी.

गिरगावात चाळीतली एक खोली मिळाली. शेजारणीशी बोलायला कुठे जावंच लागलं नाही. मधली भिंत फळ्यांची, पलीकडचं खोकणंसुद्धा आपल्याच घरातलं वाटे. पलीकडे राधाकाकू राहत आणि त्यांचे यजमान, छापखान्यात नोकरी करणारे. मूलबाळ नव्हतं. पहिल्या सकाळी नळावर बायकांनी माझी घागर मागे सारली, तेव्हा काकूच कडाडल्या, "नवी आहे ती. भरू दे तिला आधी." पुढे आमची यमू झाली आणि आमच्यापेक्षा त्यांच्याच मांडीवर जास्त वाढली. तिची वेणी काकू घालत, कारण माझ्या हातची वेणी तिला पसंत नसे.

तुम्ही गावी राहिलेल्यांना ठाऊकच आहे, आपल्या वाडीत कुणी अंथरूण धरलं की पोरांना घरोघर पिटाळतात. "आमची काकी पडलीय," एवढं सांगायचं आणि पुढच्या घराकडे पळायचं. मग कुणाकडून पेज येते, कुणाकडून काढा, कुणी उशाशी येऊन बसतं. लहानपणी हे काम मी मोठ्या तोऱ्यात करत असे. लेकीला वळण लावायची वेळ आली तेव्हा माझ्यापाशी तेवढंच होतं. मी यमूला सांगत असे, "कुणाला बरं नसलं तर नुसतं बघत उभं राहायचं नाही. मोठ्या माणसाला जाऊन सांगायचं." पोर ते अगदी मनावर घेऊन बसली. जिन्यात कुणी पाय मुरगळून बसलं तरी माझा पदर धरून ओढत न्यायची. नळावरच्या बायका तिला दवंडी म्हणून चिडवत, पण कौतुकही त्याच करत. आणि मी? मी फुशारत होते.

मग तो गाठीचा ताप, प्लेग, आला. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं उठून गेली. घरोघर झडती सुरू झाली. साहेब, गोरे शिपाई आणि बरोबर एखादा आपल्यातला डॉक्टर. आजारी सापडला की उचलून इस्पितळात न्यायचे आणि तिथून माणूस परत आलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून चाळ लपवायला शिकली. आत आजारी माणूस, बाहेर दाराला कुलूप आणि विचारलं तर, "गावाला गेलेत." आम्हीही तुमच्याकडे यायचं ठरवलं, तर दादाचा निरोप आला, सध्या येऊ नका, मुंबईच्या माणसाला बंदरात उतरू देत नाहीत. तुमचं काही चुकलं नाही. तरी मला राग आला तो आलाच.

त्याच दिवसांत राधाकाकूंना ताप भरला. काखेत गाठ आली. यजमान दाराला कुलूप घालून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने छापखान्यात जाऊ लागले. गेले नसते तर संशय आला असता. पोरांना सांगितलं, काकू गावाला गेल्या. पण यमू त्या फळ्यांना टेकूनच निजत होती.

झडतीवाले आले तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. डॉक्टर पागोटेवाले, बोलायला गोड. वाकून म्हणाले, "काय बाळ, घरात सगळी बरी आहेत ना?"

"आम्ही बरी आहोत," यमू म्हणाली. "पण पलीकडे काकू कण्हतायत. त्यांना पाणी द्यायला कुणीच नाहीये."

मी तिचा दंड धरला. तिला वाटलं, तिचं म्हणणं मला कळलंच नाही. हात सोडवून तिने डॉक्टरांचं बोट धरलं आणि त्यांना कुलपापाशी नेऊन उभं केलं.

कुलूप तोडलं. काकूंना डोलीत घालून खाली नेलं. यमू जिन्याच्या तोंडाशी उभी राहून आनंदाने सांगत होती, "काकू, डॉक्टर आले हां! आता बरं वाटेल!"

काकू परत आल्या नाहीत. नेलं नसतं तर वाचल्या असत्या का? हे म्हणतात, नाही. चाळ म्हणे, हो. मला आजही ठरवता येत नाही. यमू दिसली की बायका आपली पोरं आत ओढून घेत. काकूंच्या यजमानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बिऱ्हाड मोडलं. एकदा जेवता जेवता तिने विचारलं, "आई, मी सांगायला नको होतं का गं?"

काय सांगायचं? नको होतं म्हणावं, तर दुसऱ्याचं दुखणं पाहून गप्प बसायला मीच शिकवायचं. सांगितलंस ते बरं केलंस म्हणावं, तर माझीच जीभ रेटेना. मी म्हटलं, "जेव. भात गार होतोय."

आता आम्ही दादरला, नारळीच्या वाडीत झोपडी बांधून राहतो. हवा मोकळी आहे. हे इथून ऑफिसात जातात. परवा शेजारचं रांगतं पोर ओट्यावरून पडलं, कपाळ फुटलं, टाहो फोडला त्याने. यमू दोन हातांच्या अंतरावरच होती. ती जागची हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"अगं, उचल त्याला!" मी ओरडले.

"उचलू?" ती म्हणाली. "मग त्याला कुणी नेणार नाही ना?"

"नाही गो," म्हटलं मी, आणि पोराला मीच उचललं. खरंच कुणी नेणार नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

तुम्ही आता निरोप धाडता की बंदर मोकळं झालंय, घरी या. येऊही. पण जिथे माझ्या लेकीला, कुणी नेणार नाही ना, असं विचारावं लागणार नाही, ते घर, असं मला आता वाटतं. तसं कुठलं ठिकाण मला तिला दाखवता येत नाही. तुमच्याकडचंसुद्धा नाही.