रेडिएटरवाल्याची थोरली

गाडीचा रेडिएटर गळायला लागला की तो रेडिएटरवाल्याकडे येतो. तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि गप बघत बसायचं. जिथून बुडबुडा, तिथं भोक. सगळं आयुष्य असं पाण्याकडे बघण्यात गेल्यावर दुकानामागच्या तळ्याचा नाद त्याला लागला, यात नवल नाही. तळं कसलं, विटांसाठी माती काढून उरलेला खड्डा.

त्याचा मेहुणा धरणावर गळ टाकणारा. एकदा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुमच्या डबक्यात बेडूक पोसतील. मासा नाही."

"ह्याच खड्ड्यातून हातभर मासा काढून दाखवीन," रेडिएटरवाला बोलून बसला. तेव्हापासून गल्लीत जो तो विचारी, "काय, कुठवर आला हात?"

पहिल्या खेपेला त्याने मरळीची पिल्लं ओंजळी भरभरून सोडली. मरळ दुसऱ्या माशांवर जगते. तळ्यात दुसरे मासेच नव्हते, तेव्हा पिल्लांनी एकमेकांना खाल्लं आणि उरली ती बोटाएवढीच राहिली. मग त्याने डोकं चालवलं. आधी मरळींना खायला म्हणून चिलापी मासळी सोडली. ती वाढत नाही असं होतच नाही. तळं भरून गेलं. त्यानंतर मरळी, चारच. आणि चारही माद्या. नर नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर खाल्लेलं सगळं अंगाला लागणार.

माद्या त्याने मासेवाल्याच्या टाकीतून स्वतः निवडल्या, गोल पोटाच्या बघून.

"पोटावरून बाई ओळखलीत?" बायको म्हणाली. "मग तुमच्याकडे बघून मासेवाल्याला काय वाटलं असेल?"

मरळीला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. रेडिएटरवाला जेवणाच्या सुट्टीत काठावर पालथ्या डब्यावर बसे आणि नुसत्या बुडबुड्यांवरून चौघींना ओळखे. एक घाईची, दोघी लाजऱ्या. चौथी, थोरली, सावकाश वर यायची, गपकन हवा गिळायची आणि मागे ताटलीएवढं वर्तुळ सोडून जायची. "आज अंगाने भरलेली वाटली," तो घरी सांगे, माहेरपणाला आलेल्या लेकीबद्दल सांगावं तसं.

एका सकाळी धुणं वाळत घालता घालता बायको ओरडली, "अहो, तळ्यात गंज उतरलाय तुमच्या!"

पाण्यावर तांबडा डाग होता. हलत होता. रेडिएटरवाला वाकला आणि वाकलेलाच राहिला. डाग म्हणजे पिल्लं, सुईएवढी, असंख्य. बरोब्बर त्यांच्याखालून थोरली वर आली, गपकन.

"चारही माद्या ना?" बायकोने गोड आवाजात विचारलं.

दुसऱ्या दिवशी मेहुणा गळ घेऊन हजर. "नर शोधून काढा, नाहीतर दरवेळी हेच होणार. पिल्लं राखणारी मरळ जवळ येईल त्याला चावते. गळ डागावरच टाका."

टाकला. लगेच दांडी वाकली. आली ती थोरली. लांबीला हातापेक्षा जराशीच कमी, पण डोकं तेवढं मोठं आणि मागे अंग चिपाड. राखणीपायी खाणं सोडलं होतं तिने.

"ही नर की मादी?" मेहुण्याने विचारलं.

रेडिएटरवाल्याने उलटीपालटी करून पाहिलं. पोट आता सपाट होतं. "काय माहीत!"

तेवढ्यात पाणी खळबळलं. चिलाप्या चहूबाजूंनी डागावर तुटून पडल्या. डाग फाटला, विखुरला.

"खाऊ द्या," मेहुणा म्हणाला. "पिल्लं संपली की ही परत चरायला लागेल. पावसाळ्यापर्यंत हातभर होते बघा. मीच सांगेन गल्लीत."

रेडिएटरवाल्याने हातातल्या माशाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग पटकन गळ सोडवला आणि थोरलीला डागाच्या मधोमध सोडलं. चिलाप्या उधळल्या. उरलेली पिल्लं हळूहळू गोळा झाली. गपकन.

"घालवलात ना मासा हातचा!"

"अरे, पण एवढी भुकेली, तोंडासमोर एवढं खाणं, आणि ही खात कशी नाही?"

"पोरं आहेत तिची."

"हिला कळतं कसं कुठलं पोर आपलं? आणि मोठी झाल्यावर?"

"मोठी झाली की खाते म्हणतात."

"म्हणतात. तू बघितलंयस?"

मेहुण्याने गळाची दोरी गुंडाळली. रेडिएटरवाल्याने दुसरा डबा पालथा केला आणि पायाने त्याच्याकडे सरकवला. "बस मग."

दोघंही तांबड्या डागाकडे बघत बसले. दुकानातून बायकोने हाक मारली, "अहो, गिऱ्हाईक आलंय! रेडिएटर गळतोय म्हणे!"

"गळू दे जरा," तो म्हणाला. पाण्यावरची नजर त्याने काढली नाही.