उन्हाची बाजू

बसमध्ये चढल्याबरोबर आपण एकच प्रश्न विचारतो, "ऊन कुठल्या बाजूला येईल हो?" आणि सावलीची खिडकी पकडून निवांत बसतो. परवा मीही तशीच बसले, अगदी पुढच्या सीटवर. मग ड्रायव्हरकाकांकडे लक्ष गेलं. अर्ध्या हाताच्या खाकी शर्टाखाली, फक्त उजव्या हाताला, मनगटापर्यंत निळ्या फुलाफुलांची बाही!

गाडी सुटायला वेळ होता. हसू दाबत विचारलंच.

"हातावरचा एक डाग बरेच महिने जाईना," काका म्हणाले. "डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. पण म्हणाले, इतकी वर्षं खिडकीतलं ऊन सोसलंय या हाताने, आता झाका. त्याच दिवशी आमच्या हिने स्वतःची जुनी साडी फाडली."

गाडी निघाली. स्टिअरिंगवरची त्यांची डावी बोटं गव्हाळ होती आणि उजवी पार रापलेली, जणू दोन वेगळ्या माणसांची. आम्ही उन्हाला चुकवत जागा बदलत राहिलो. आम्हाला पोचवणाऱ्याची खिडकी मात्र जन्मभर तीच.

घाटात समोरून दुसरी बस आली. काकांनी सलामीला हात बाहेर काढला. तिकडूनही हात आला, बाहीसकट. पिवळी, जरीकाठाची!

काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या डेपोतल्या बायकांनी बोहारणीला साड्या द्यायचं बंद केलंय."