दोन ठोक्यांची परीक्षा

दगडांच्या कारखान्यात तिला सगळे इस्त्रीताई म्हणत. आधी ती धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची, म्हणून. नऊ वर्षं इस्त्री फिरवून जीव विटला, तेव्हा तिने सासूबाईंना सांगितलं, "मी पाथरवटाचं काम शिकते."

सासूबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. "अगं बाई! घरात भांडी आपटतेस तेवढं पुरत नाही का?" पण नातीला शाळेतून आणायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं, हेही सांगायला हवं. नाहीतर म्हातारीवर अन्याय व्हायचा.

तीन महिने शिकायचं, मग परीक्षा, अशी बोली होती. पहिल्या महिन्यात तिने दगडापेक्षा स्वतःचा अंगठाच जास्त ठोकला. दुसऱ्यात छिन्नी सरळ चालायला लागली. तिसरा संपला त्या शनिवारी परीक्षा. एका ओबडधोबड दगडातून दारापुढची पायरी घडवायची, एकटीने, संध्याकाळच्या आत. जमली तर नोकरी कायम, नाहीतर सोमवारपासून पुन्हा चादरी. आणि मुलगी तर वर्गभर सांगून मोकळी झाली होती, "माझी आई दगड फोडते!" आता कुठल्या तोंडाने माघार घ्यायची?

दगड मिस्त्रींनी स्वतः निवडला. चाळीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर कारखान्यात कोणी नव्हतं. हातोडीने ठोकून म्हणाले, "ऐक! कसा खणखणीत वाजतोय!"

चांगला दगड खणकन वाजतो आणि आत चीर असलेला बद्द वाजतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. हा बद्द वाजला होता. तिने एकदा ठोकून पाहिलं, मग दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे बद्दच. लेक खरंच रडतेय की सोंग करतेय, हे भिंतीपलीकडून ओळखणारा तिचा कान. तो फसणं शक्यच नव्हतं.

बोलावं तर मिस्त्रींचा अपमान, गप्प बसावं तर पायरी तिच्याच हातात फुटणार.

"मिस्त्री, हा दगड फुटका आहे."

सगळ्यांच्या छिन्न्या थांबल्या.

"तीन महिन्यांत तू मला दगड शिकवणार? हो बाजूला!"

मिस्त्रींनी स्वतःच छिन्नी उचलली. आणि काय तो हात! तासाभरात एक बाजू कशी सुरेख सपाट झाली. ती मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालू लागली. मग कडेला त्यांनी एक हलकासा घाव घातला, आणि दगडाचे सरळ दोन तुकडे झाले. बाकीच्यांना एकदम आपापल्या दगडांत फार महत्त्वाचं काम दिसू लागलं.

मिस्त्री तिला ढिगाऱ्यामागे घेऊन गेले. आता हाकलतात, तिला वाटलं.

"दोन वर्षं झाली," ते खाली बघत म्हणाले. "छिन्नीच्या आवाजाने कान गेले माझे. बोललेलं कळतं, पण दगड ऐकू येत नाही. अंदाजाने ढकलत होतो. आणि हे सगळे लेकाचे गप्प! माझं मन राखत असतील."

एवढा मोठा माणूस, शाळेत चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा.

"सोमवारपासून सगळे दगड तू ऐकायचे," ते म्हणाले.

"पण माझी परीक्षा? मी तर एक घावसुद्धा घातला नाही."

"दोन ठोके मारलेस ना? झाली परीक्षा."

"छे! पायरी केल्याशिवाय मी घरी जायची नाही. लेकीला काय सांगू, नुसतं ठोकून आले?"

मिस्त्री हसले, सकाळपासून पहिल्यांदाच. ती ढिगाऱ्यावर चढली आणि एकेक दगड ठोकत निघाली. बद्द, बद्द, मग एक दगड असा खणकन वाजला की तिचा चेहराच फुलला.

"हा!" ती ओरडली.

मिस्त्रींना दगडाचा आवाज काही ऐकू आला नव्हता. "हा ना? बरं," म्हणत त्यांनी दगडाचं दुसरं टोक धरलं.