हंड्यात कालवलेला समुद्र

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली आणि दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला पहिलं जे स्वच्छ दिसलं ते एक काचेचं खोकं होतं. हातभर लांबसुद्धा नाही. आत निळसर उजेड, दोन भोकाभोकाचे दगड, दगडावर बोटांसारखं काहीतरी डुलणारं आणि त्यात तोंड खुपसून बसलेला एक केशरी मासा. मी डॉक्टरांना विचारलं, हे काय हाय?

"काका, हा समुद्र आहे," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्याची टाकी. फार नाजूक काम असतं. आम्ही तिच्यासाठी माणूस ठेवलाय."

माणूस ठेवलाय, एवढं डोक्यात घेऊन मी घरी आलो. मी चौथी नापास. पण उद्यमनगरात ऑइल इंजिनं जोडण्यात माझी हयात गेली आणि मी जोडलेल्या इंजिनावर लक्ष ठेवायला कुणाला माणूस ठेवावा लागला नाही. आता मात्र चक्कर येऊन मी एकदा लेथपाशी पडलो तेव्हापासून वर्कशॉपची किल्ली पोराच्या खिशात असते. घरात बसायचं, चहा प्यायचा, परत बसायचं. हाताला काम नसलं की मला जेवण गोड लागत नाही, झोप लागत नाही. मी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालतं. ही टाकी मला मिळाली नसती तर मी बिजागऱ्या खोलून परत बसवल्या असत्या.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "डोळं सुधारलं आन् डोस्कं बिघडलं व्हय?"

"करणार म्हंजे करणार."

"करा की. कोण धरलंय तुमास्नी? पर एक ऐका. ह्या घरात पाळलेला एक जीव जरी मेला, तर त्याच दिवशी काच भाईर. परत नाव काढायचं न्हाय."

"रविवारी मटण कोण करतंय मग?"

"खायाला कापणं येगळं आन् पाळून मारणं येगळं," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. कबूल, म्हणालो.

राजारामपुरीत एक मासेवाला आहे. चष्मा कपाळावर, बोलणं तुसडं. त्याला मी हातानं माप दाखवलं, एवढी टाकी पाहिजे.

"मोठी घ्या, पावणं. ल्हान लई अवघड."

"उलटं सांगतायसा."

"उलटं न्हाय. हिरीत चिमूटभर घाण पडली तर हिरीला पत्ता लागत न्हाय. पेल्यात पडली की पाणी गेलं. तुमचा समुद्र पेल्याएवढा हाय."

मोठी टाकी घेतली असती तर बायकोचा टीव्ही हलवावा लागला असता. आणि दवाखान्यातली लहान होती. मला लहानच पाहिजे होती.

काच कापणाऱ्याकडून मी स्वतः माप देऊन काच कापून आणली, कडा घासल्या, सिलिकॉननं सांधली. लोखंडी अँगलचं स्टँड जोडलं. लेव्हल लावून बघितलं, बुडबुडा मधोमध. शेजारचे येऊन म्हणाले, यावर बैल उभा राहील. मासेवाल्यानं पाणी फिरवायचा बारका पंप दिला, थंडीसाठी हीटर दिला, निळा-पांढरा दिवा, भट्टीत भाजलेले भोकाचे दगड, पांढरी वाळू आणि एक नळी दिली. नळीवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि दुर्बिणीसारखी डोळ्याला लावायची, की पाणी किती खारट ते दिसतं. नव्या डोळ्याला ते फार आवडलं. घरातली आमटीसुद्धा मी त्यावर बघितली. आकडा भलताच आला, मग बायकोनं नळी कपाटात ठेवली.

मीठ वेगळं असतं. भाजीचं मीठ चालत नाही. नळाचं पाणीही चालत नाही, मशीननं गाळलेलं लागतं. दगडावर डुलणाऱ्या त्या प्रवाळाचं विचारलं तर मासेवाला म्हणाला, समुद्रातलं उचलायला कायद्यानं बंदी हाय, दुसऱ्याच्या टाकीत वाढलेलं बोटभर आणून देतो, पण टाकी पिकल्यावर. मीठ कालवायचं, एक रात्र मुरू द्यायचं आणि मग ओतायचं, असं त्यानं दोनदा सांगितलं. कशात कालवायचं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाणी कशात ठेवायचं हे मला कुणी शिकवायचं?

बायको तेव्हा बहिणीकडं मुरगूडला गेलती. घरात प्लास्टिकच्या बादल्या होत्या, पण एवढं धडपडून आणलेलं पाणी धुण्याच्या बादलीत घालायचं मला पटेना. स्वयंपाकघरात तिचा माहेरचा तांब्याचा हंडा असतो. पाणी तांब्यातलंच चांगलं, हे माझ्या आईनं सांगितलेलं, तिच्या आईनं तिला सांगितलेलं. मी चिंच लावून हंडा घासला, आतनं बाहेरनं लखलखीत केला, गाळलेलं पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि लाकडी डावानं ढवळलं. सकाळी आतल्या कडेला हिरवट रेघ आलती. समुद्राचा रंग धरतोय असं मला वाटलं. खरंच वाटलं.

पाणी टाकीत गेलं. पंप सुरू झाला. आणि मग काहीच नाही.

"पिकू दे," मासेवाला म्हणायचा. "दगडात न दिसणारं जंतू धरत्यात, ते घाण खात्यात. ते धरस्तवर हात लावू नका."

हात लावू नका, हे मला कुणी सांगू नये. मी सकाळी उठलो की टाकीपुढं. दगड एक बोट डावीकडं, परत उजवीकडं. पंपाचं तोंड वर, परत खाली. पाणी वाळून कमी व्हायचं, मी गाळलेलं पाणी घालायचो, तेही हंड्यातलंच, कारण मुरगूडहून आल्यावर तिनं हंडा परत मागितला नव्हता. "तुमचा समुद्र काय म्हणतोय?" एवढंच ती जाता येता विचारायची. रिकाम्या पाण्याचं काय सांगणार? मी मासेवाल्याला फोन करायचो. शेवटी शेवटी तो फोन उचलून नुसता "न्हाय" म्हणायचा आणि ठेवायचा.

एक दिवस तो व्हय म्हणाला. तीन गोगलगायी दिल्या, समुद्रातल्या, करंगळीच्या नखाएवढ्या. काचेवरचं शेवाळ खातात. त्या टिकल्या तर प्रवाळ, प्रवाळ टिकलं तर मासा. मी पिशवी छातीशी धरून रिक्षानं आणली. हळूहळू पाणी मिसळून त्यांना आत सोडलं. बायको खुर्ची ओढून बसली.

"चालत्यात का?"

"थांब की."

चालल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत तिन्ही शंखाचं दार लावून वाळूवर पडल्या. एकीला मी उलटी केली, ती तशीच राहिली.

"दमल्या असतील," मी म्हणालो.

"रिक्षानं येऊन?" बायको म्हणाली.

सकाळीही तशाच. बायको देवपूजा अर्धी टाकून टाकीपाशी येऊन उभी राहिली. मी चप्पल घातली आणि बाटलीत टाकीचं पाणी घेऊन राजारामपुरी गाठली. दुकान अजून उघडायचं होतं. पायरीवर बसवेना, मी त्या गल्लीत येरझाऱ्या घातल्या.

मासेवाल्यानं खारटपणा बघितला, बरोबर. बाकीच्या तपासण्या केल्या, बरोबर. मग चष्मा डोळ्यावर घेतला.

"पाणी कालवता कशात?"

"हंड्यात."

"प्लास्टिकचा का स्टीलचा?"

"हट्! तांब्याचा हाय. घासून लख्ख केलाय."

तो खुर्चीत बसला. "अवं पावणं, तांबं म्हंजे ह्यास्नी इख. माशाला एकवेळ चालंल, पर गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ, सगळं मरतंय. मीठ घालून रातभर ठेवलासा?"

"तुमीच म्हणालासा मुरू दे."

"तांब्यात म्हणालो का?"

तो ओरडत होता आणि मी उभा होतो. त्यानं स्वतःच्या टाकीचं पाणी एका कॅनमध्ये भरून दिलं. वाळू, दगड, टाकीचं सिलिकॉन, सगळ्यात तांबं शिरलं असणार, सगळं टाका, म्हणाला. त्या तीन मेल्या नसतील तर ह्या पाण्यात घाला. मेलेली असली तर नाकाला कळतंय.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. सगळं. तिनं हंडा खाली घेतला, उजेडाला धरून आत बघितलं.

"ताक कोण ठेवतंय का ह्याच्यात?" ती म्हणाली. "सांगा की. ठेवत्यात?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"कळकतंय."

"मग? पाण्याला तांबं चांगलं. मीठ घातल्यावर ते पाणी ऱ्हायलं व्हय?"

आयुष्यभर पितळ, तांबं, बीड हाताळलेला माणूस मी. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवू नये हे आमच्याकडं पोरांना कळतं.

घरात दुसरं काचेचं मोठं काही नव्हतं. तिनंच माळ्यावरची लोणच्याची काचेची बरणी काढून दिली, गरम पाण्यानं धुऊन. त्यात कॅनचं पाणी ओतलं, हवेची नळी सोडली आणि तिन्ही गोगलगायी ठेवल्या. मग आम्ही दोघं बरणीसमोर बसलो. दुपारी एक उठून काचेला चिकटली. तिन्हीसांजेला दुसरी. तिसरी तशीच पडून. बायकोनं चमच्यानं ती बाहेर काढली, नाकाशी नेली.

मला वाटलं, आता ती म्हणणार. काच बाहेर नेऊन ठेवायला मी मनानं उठलोसुद्धा.

"वास न्हाय," ती म्हणाली आणि गोगलगाय परत आत सोडली. "थांबा."

आम्ही थांबलो. मला थांबता येत नाही, मी तेवढ्यात स्टँडचे नट चारदा आवळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरीचं दार फट पडल्यासारखं उघडलं, आतनं पांढरं काहीतरी आलं, परत आत गेलं, परत आलं. बायको मोठ्यानं म्हणाली, "ये की बाई, ये भाईर." आणि ती आली.

त्याच संध्याकाळी मी वाळू, दगड टाकून दिले. एवढ्या कष्टानं सांधलेली काच अंगणात नेली, आतलं पाणी ओतलं आणि ती उलटी ठेवली. बायको दारात उभी होती.

"कुणी मेलं न्हाय," मी म्हणालो.

"मला दिसतंय की. पर कैऱ्या बाजारात आल्या की बरणी मला रिकामी पाहिजे. आंब्याचं लोणचं मी प्लास्टिकच्या डब्यात घालायची न्हाय."

"तवर टाकी पिकत न्हाय."

"मग लवकर करा. बसून काय ऱ्हायलाय?"

काल मंडईत एका गाड्यावर कैऱ्या दिसल्या. कोवळ्या होत्या, लोणच्याच्या नव्हत्या. तरी मी भाव न विचारता तसाच काच कापणाऱ्याकडं गेलो.