दारातले बेचाळीस कोट

मास्तर सुई कधी दातांत धरत नसत. ती शर्टाच्या कॉलरला आतून टोचलेली असे. चहा पार गार झाल्याशिवाय ते पीत नसत. लिफ्ट समोर उभी असली तरी जिन्यानेच जात. जिन्यात कुणी भेटलं की आधी त्याच्या खांद्यांकडे बघत, मग चेहऱ्याकडे. बायकोचा फोन आला की उठून उभे राहत आणि बोलणं संपेपर्यंत बसत नसत. कुणाच्या पाठीमागून बोलायचं असलं तर आधी हलकंसं खाकरत. आणि कुठलाही कोट 'उसना' आहे, हे त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही.

हे सगळं यादीवालीने पाहिलं होतं. ती दीड वर्ष त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होती.

दोघंही एका मोठ्या जहाजावर नोकरीला होते. प्रवाशांना आठ-दहा दिवस समुद्रात फिरवून आणणारं जहाज. त्याच्या नवव्या मजल्यावर सगळ्यात भारी रेस्टॉरंट होतं. यादीवाली त्याच्या दारात टेबलांची यादी घेऊन उभी राही आणि पाहुण्यांना आत सोडी. आत जायचं तर पुरुषांच्या अंगावर कोट हवा, असा नियम होता. पण सुट्टीवर निघालेला माणूस पोहायची चड्डी आठवणीने घेतो आणि कोट विसरतो. काहींकडे तो मुळात नसतोच. अशांसाठी दाराच्या डाव्या बाजूला एक खोली होती. खोली कसली, मोठं कपाटच. आत दांडीवर बेचाळीस कोट, एक शिलाई मशीन, इस्त्री आणि मास्तर.

बिनकोटाचा माणूस दारात आला की मास्तर त्याच्यावर एक नजर टाकत. गळ्यात टेप असे, पण तो दिसण्यापुरता. मग ते एक कोट काढत, मागून जात, खाकरत आणि म्हणत, "साहेब, तुमचा कोट इस्त्री होऊन आलाय."

माणूस क्षणभर गोंधळे. तोवर त्याचे हात आपोआप मागे गेलेले असत आणि कोट अंगात असे. मग त्याच्या लक्षात येई. शेजारी उभ्या बायकोला वाटे, ह्यांनी कोट कधी आणला होता? आणि ती खूश होऊन आत जाई.

यादीवाली नवी होती तेव्हा तिने एका पाहुण्याला सरळ सांगितलं होतं, "सर, तुम्हाला आमचा कोट घालावा लागेल."

मास्तरांनी तिला नंतर बाजूला घेतलं. "वाक्य बरोबर होतं तुझं. पण त्याचं तोंड बघितलंस का?"

"नाही."

"मग यादीतून जरा डोकं वर काढत जा, यादीवाली. चारचौघांत ज्याचं काही उघडं पडतं, त्याला मग जेवण गोड लागत नाही."

तेव्हापासून तिचं नाव यादीवाली पडलं, आणि ती त्यांना काका म्हणू लागली.

मास्तर बावीस वर्षं जहाजावर होते. पहिली चार वर्षं खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या धुलाईखान्यात गेली. तिथे उजेड ट्यूबलाइटचा आणि हवा वाफेची. मग कुणीतरी त्यांचा हात पाहिला आणि त्यांना वर आणलं. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांचं मागणं फार नव्हतं. "शेवटचा कोट या दारात चढवायचा आणि उतरायचं," ते म्हणत. "परत खालून नाही जायचं. जिथून वर आलो तिथूनच माणूस बाहेर पडला, तर मधे काय केलं असं होतं."

कंपनीचं पत्र आलं तेव्हा जहाज धक्क्याला लागलेलं होतं. मॅनेजरने ते सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. पुढच्या सफरीपासून रेस्टॉरंटात कोटाची सक्ती नाही. पाहुण्यांना मोकळं वाटायला हवं. साधा बाह्यांचा शर्ट चालेल. पोहायचे कपडे तेवढे नकोत.

"जमाना बदलला मास्तर," मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "सुट्टीत कोट कोणाला आवडतो?"

"मलाही नाही आवडत, साहेब. म्हणून तर बावीस वर्षांत एकदाही अंगात घातला नाही."

सगळे हसले. मॅनेजरही हसला. मग त्याने समजावून सांगितलं. खोली तूर्त राहील. कुणी मागितला तर कोट द्यायचा. आपणहून पुढे करायचा नाही. हेच त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा कागदावर मास्तर आणि यादीवाली, दोघांच्या सह्या घेऊन सांगितलं.

नव्या सफरीच्या पहिल्या दोन संध्याकाळी कुणीच कोट मागितला नाही. मास्तर खोलीच्या दारात हात मागे बांधून उभे राहिले. हात मागे का बांधलेत, ते यादीवालीला कळत होतं. तिने त्यावर थट्टा केली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी एक वयस्कर जोडपं आलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांनी खिडकीजवळचं टेबल महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. बाईंनी गडद निळा रेशमी पोशाख घातला होता. नवऱ्याच्या अंगात चौकड्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. स्वच्छ, कडक इस्त्रीचा. त्यांच्या पुढे एक कुटुंब उभं होतं. त्यातल्या गृहस्थाने हौसेने काळा कोट घातला होता. बाईंनी त्या कोटाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग हात वर नेऊन त्याची कॉलर नीट केली. ती नीटच होती.

एवढंच झालं. यादीवालीने ते पाहिलं. मास्तरांचे मागे बांधलेले हात सुटलेलेही पाहिले.

तिला वेळ होता. "काका," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिने यादीत डोकं घातलं. आपण पाहिलंच नाही, असं तिला करायचं होतं की काकांना एकदा जमू दे असं वाटलं होतं, हे तिला पुढेही ठरवता आलं नाही.

मास्तर मागून आले. खाकरले. "साहेब, तुमचा कोट इस्त्री होऊन आलाय."

त्या माणसाचे हात मागे गेले नाहीत. तो वळला. "माझा? माझ्याकडे कोटच नाही."

"आहे ना, साहेब. हा बघा."

"कोट लागत नाही असं तुमचंच पत्र आलं ना? दोनदा वाचलं मी ते. वाचून मग हा शर्ट घातला." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "का माझ्यासाठी नियम वेगळाय?"

रांगेतली कुजबुज थांबली. काळ्या कोटातला गृहस्थ मागे वळून बघायला लागला. नियम होता तोवर त्या कोटाने माणसाची लाज झाकली होती. नियम गेला आणि त्याच कोटाने ती चव्हाट्यावर आणली. मास्तरांना ते उमगलं तेव्हा कोट त्यांच्या दोन्ही हातांत उघडा धरलेला होता, कुणीतरी आत शिरण्याची वाट बघत.

जोडपं जेवलं नाही. नवरा लिफ्टकडे चालू लागला. बाई दोन पावलं मागे होत्या. त्यांनी एकदा वळून पाहिलं, मास्तरांकडे नाही, कोटाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार आली. मॅनेजरने यादीवालीला बोलावून कोरा कागद दिला.

"दोन ओळी लिही. त्यांना सांगितलं होतं की नव्हतं. बाकी काही नको."

तिने लिहिलं, 'होय, सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं होतं.' खाली सही केली. सगळं खरं होतं. तिसरी ओळ लिहायला कागदावर जागाही होती. पण पुढच्या आठवड्यात तिची स्वतःची नोकरी वाढवायची की नाही, हे त्याच टेबलावर ठरणार होतं.

दुपारी मास्तरांची बदली झाली. दुसरा मजला. धुलाईखाना.

जिन्यात ते तिला भेटले. बगलेत इस्त्री होती, ती त्यांची स्वतःची. या वेळी त्यांनी तिच्या खांद्यांकडे पाहिलं नाही.

"खरं तेच लिहिलंस," ते म्हणाले. "खोटं लिहिलं असतंस तर कान धरला असता तुझा. अक्षर चांगलंय हं. मॅनेजर साहेबांनी दाखवलं."

"काका, त्या बाईंनी कॉलर नीट केली, ते मी लिहिलं नाही."

मास्तर थांबले. "तू पाहिलंस ते?"

"हो."

ते पायरीवर बसले. इस्त्री मांडीवर घेतली.

"बरं झालं," मग म्हणाले. "रात्रभर वाटत होतं, म्हातारपणी आता नसलेलंच दिसायला लागलं."

मास्तर उठले, "जित्याची खोड, दुसरं काय," असं म्हणाले आणि कठड्याला धरून खाली उतरत गेले. ती वर उभी राहून त्यांचं डोकं दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. त्यानंतर ती त्यांच्याकडे गेली नाही.

खबर मात्र येत राहिली, इस्त्रीवाल्या मावशींकडून. मावशी रोज रुमालांचे गठ्ठे घेऊन वर येत आणि रुमालांबरोबर खालच्या गोष्टी ठेवून जात. खोली रिकामी करून बेचाळीस कोट पुढच्या बंदरावर भंगारात काढायचं ठरलं होतं. मास्तरांनी ते मागून घेतले. धुलाईखान्याच्या कोपऱ्यात मशीन मांडलं. पाळी संपली की तासभर बसत, आणि एकेक कोट उसवून जहाजावरच्या कामगारांच्या मापाचा करून देत.

"भांडी घासणारा तो काडीपैलवान आहे ना," मावशी सांगत होत्या, "तो विचारतो कसा, मास्तर, कोट घालून भांडी घासू का? तर हे म्हणाले, घासू नकोस, घरी उतरताना घाल. आईला कळू दे की पोरगं नुसतं साबणातून आलेलं नाही."

"मग?"

"मग काय. घालून आरशापुढे उभा राहिला, तो हलेचना. एकोणीस झाले बाई आत्तापर्यंत. रांग लागलीय." मावशींनी रुमाल मोजायचे थांबवले. "तुला निरोप आहे. वडिलांच्या खांद्याचं माप दे म्हणाले."

यादीवालीचे वडील एका शाळेत शिपाई होते. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. शाळा त्यांना व्यासपीठावर खुर्चीत बसवणार होती आणि त्यांना काळजी पडली होती, सगळे बघत असताना हात ठेवायचे कुठे. हे तिने मास्तरांना कधीतरी हसत हसत सांगितलं होतं.

"निरोप समारंभाला अंगात कोट हवा, म्हणतायत," मावशी म्हणाल्या. "पण माणूस न बघता कधी कोट केला नाही म्हणे. माप दिलंस तर जमेल."

तिने त्याच दिवशी घरी फोन केला. आईने शाळेची फूटपट्टी धरून मोजलं आणि पलीकडून वडील ओरडत राहिले की अर्धा इंच जास्त सांग, मी पोक काढलंय. साडेसतरा. तिने ते एका चिठ्ठीवर लिहून गणवेशाच्या खिशात ठेवलं.

चिठ्ठी चार दिवस खिशात राहिली. नवव्या मजल्यावरून दुसऱ्यावर जायला लिफ्टने मिनिटही लागत नाही. मावशींच्या हाती ती पाठवता आली असती. पण तिला स्वतः जायचं होतं, आणि गेल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय काढायचं ते सापडत नव्हतं. ती रोज म्हणे, उद्या.

पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मास्तर मावशींना म्हणाले, "जरा टेकतो," आणि घडी घातलेल्या चादरींच्या ढिगावर बसले. मावशींनी दहा मिनिटांनी हाक मारली. मग हलवून पाहिलं. मग डॉक्टर आले. डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

यादीवाली खाली आली तेव्हा त्यांना नेलेलं होतं. ढिगावरच्या चादरी कुणीतरी पुन्हा धुवायला काढत होतं. यंत्रं चालूच होती. मॅनेजर एका बाजूला उभा होता. "सातच महिने राहिले होते," असं तो दोनदा म्हणाला. मावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि हाताने कोपरा दाखवला.

मशीनवर राखाडी कोट पसरलेला होता. आतल्या खिशावरचा जहाजाचा नंबर उसवून काढला होता, दोऱ्याचा एक तुकडाही राहू दिला नव्हता. अस्तर नवं होतं. पाठीची शिवण आत घेऊन पक्की झाली होती. बाजूचे दोन्ही खिसे मोठे केले होते, पुरुषाचा पंजा मनगटापर्यंत आत जाईल एवढे. बाह्या वेगळ्या काढून खुर्चीच्या पाठीवर टाकल्या होत्या. खांद्यांच्या दोन्ही शिवणी उघड्याच होत्या. डाव्या खांद्यावर खडूची एक रेघ होती. दुसरी कुठे मारायची, ते माप यायचं राहिलं होतं.