आतून झिजलेला टायर

लोक मला मोठ्या गुन्ह्यांबद्दल विचारतात. मला मात्र रेवस रस्त्यावर फुटलेला एक टायर आठवतो, आणि पोलिसातून निवृत्त होऊनही तो आठवला की डोकं तापतं.

आमच्या हद्दीत मुंबईच्या एका व्यावसायिकाचा बंगला होता. एका रविवारी दुपारी ते पत्नीला घेऊन आपल्या स्पोर्ट्स गाडीतून निघाले. वळणावर मागचा डावा टायर फुटला आणि गाडी एका वाडीच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर आदळली. त्यांना खरचटण्यावर निभावलं, पण पत्नीचा हात मोडला. संध्याकाळी गृहस्थ ठाण्यात आले ते आरोपी ठरवूनच.

"माझ्या रखवालदाराने टायर कापलाय. त्याला मला मारायचं होतं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावा."

महिनाअखेरीला कामावरून काढतो, असं त्यांनी रखवालदाराला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. म्हणजे हेतू तयार. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बंगल्यातल्या माळ्याने आमच्या हवालदाराला खबर दिली, की अपघाताच्या सकाळी रखवालदार हातात कोयता घेऊन गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. साक्षीदारही तयार. त्यात वरून फोन सुरू झाले. गृहस्थ तर दर दोन तासांनी विचारायचे, "अटक झाली का?"

रखवालदार पन्नाशीचा, जवळच्याच गावचा. त्याला मी तीन दिवस चौकशीला बोलावलं. सकाळी यायचं, बाकावर बसायचं, संध्याकाळी घरी जायचं. पहिल्या दिवशी मी त्याला 'काका' म्हणत होतो, तिसऱ्या दिवशी अरे-तुरेवर आलो होतो.

"कोयता कशाला होता?"

"गवत काढीत व्हतो, साहेब."

"मग चाकाशी काय होतं?"

"टायरची तार दिसत व्हती आतनं. मालकांना सांगितला पन."

हे उत्तर त्याने रोज दिलं. मी ते रोज बहाणा म्हणून बाजूला सारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलावर हात आपटला. त्याने मान खाली घातली.

"व्हय. मीच कापला. लिवा."

मी पेन उचललं. "कुठे कापलास? बाहेरून की आतून?"

"तुमी सांगाल तिथं."

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण असला जबाब मला माझ्याच टेबलावरही टिकवता येईना. वैतागून मी ठाण्याच्या आवारात गेलो आणि अपघातग्रस्त गाडीवरची ताडपत्री काढली. उभ्याउभ्या, फाटलेला भाग सोडला तर, टायर नवाकोरा दिसत होता. पंचनामाही आम्ही असाच उभ्याने केला होता, 'मागील डावा टायर फाटलेला'. गुडघे टेकून आत पाहिलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. बाहेरची नक्षी शाबूत, आणि आतली कड पार गुळगुळीत होऊन पोलादी तारा बाहेर आलेल्या.

व्हील अलाइनमेंट करणाऱ्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने फुटलेल्या चाकाकडे नुसतं पाहिलं.

"हे धडकेत वाकलं असणार, मोजून उपयोग नाही. उजवं बघू."

उजवा टायर फुटलेला नव्हता, पण त्याचीही आतली कड तशीच झिजलेली. मिस्त्रीने चाकाला ओळंबा लावला. चाक वरच्या बाजूने बोटभर आत कललं होतं.

"साहेब, कोणी कापला नाही. गाडीनेच टायर खाल्लाय. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवलीय आणि चाकं जुळवून घेतलेली नाहीत. सगळा भार आतल्या कडेवर. उभ्या माणसाला हे दिसत नाही, खाली बसून गाडी धुणाऱ्याला दिसतं."

गृहस्थांना बोलावलं.

"स्प्रिंगा बदलल्या होत्या का?"

"हो, मुंबईत. खाली असली की गाडी छान दिसते."

"त्यानंतर अलाइनमेंट केलंत?"

"ते गॅरेजवाल्याने बघायला हवं होतं."

"आणि तार दिसतेय, असं रखवालदाराने सांगितलं होतं?"

ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "तो रोजच काहीतरी सांगत असतो हो. त्याला गाडीतलं काय कळतं?"

बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने प्लास्टरमधला हात सावरत त्यांच्याकडे पाहिलं. तक्रार त्याच दिवशी मागे घेतली गेली. माफीचा शब्द कोणी काढला नाही.

रखवालदाराला सोडताना मी विचारलं, "काका, केलं नव्हतं तर कबूल का केलंत?"

तो चपला घालत होता. घालता घालताच म्हणाला, "तीन दिस मी खरा बोललो साहेब, तवा तुमी काय बी लिवला न्हाय. व्हय बोललो, तवा पेन उचललात."

त्याच्यानंतर मी शेकडो जबाब घेतले. संशयिताचं पहिलं वाक्य, कितीही खोटं वाटलं तरी, मी आधी कागदावर उतरवलं आणि मगच पुढचा प्रश्न विचारला.